टिटवीची पाठराखीण

"सगळ्यात आधी हे बघा. ही इथं गळते."

ह्यांचा आवाज टिटवीच्या पोटातून वर आला आणि मी धक्क्यावर उभी होते तिथंच कपाळाला हात लावला. टिटवी म्हणजे आमची शिडाची होडी. विकायला काढलेली. गिऱ्हाईक मुंबईहून मुद्दाम विजयदुर्गाला आलं होतं, आणि हे त्याला आत नेऊन पहिली गोष्ट काय दाखवतात, तर छताची गळकी खिडकी!

"पावसात नाही हो गळत," हे पुढं सांगत होते. "लाट डोक्यावरून गेली तरच गळते. नेमकी झोपलेल्याच्या तोंडावर."

"बाकी कंडिशन चांगली आहे ना?" गिऱ्हाइकानं विचारलं.

"तशी चांगली. पण इंजिन गार असलं की आधी खोकतं, मग लागतं. संडासाचा पंप हातानं मारावा लागतो, तो मधेच अडकतो. आणि वारं पाठीमागून आलं की ही अशी लोळते, की बारशाला जेवलेलं बाहेर पडेल."

गिऱ्हाईक वर आलं, माझ्याकडं बघून कसनुसं हसलं, "कळवतो" म्हणालं आणि गाडीत बसून गेलं. कळवतो म्हणणारे कधी कळवत नसतात. मला दाखवायचे तेव्हा ह्यांच्या आधीचे सगळे "कळवतो"च म्हणाले होते, त्यामुळं मला चांगलं ठाऊक आहे.

"अहो, तुम्हाला होडी विकायची आहे की माणसं पळवून लावायचीत?" मी विचारलं.

"आमच्या घराण्यात गलबत विकताना आधी खोड सांगतात," हे शांतपणे म्हणाले. "बैल खोडीचा निघाला तर माणूस चालत घरी येतो. होडीची खोड लपवली तर येत नाही."

"झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आमच्या कराडात म्हणतात."

"मूठ झाकून पोहता येतं काय गो?" हे म्हणाले आणि टिटवीचे दोर तपासायला लागले.

मी मूळची कराडची. पाणी म्हणजे कृष्णाबाई, तेही घाटावर बसून पाय बुडवण्यापुरतं. हे जयवंत मयेकर, विजयदुर्गचे. ह्यांच्या आज्याचं गलबत होतं, कौलं आणि नारळ घेऊन किनाऱ्यानं वरखाली करायचं. ह्यांनी जन्मभर मोठ्या जहाजांवर इंजिनं सांभाळली, निवृत्त झाले, आणि इतर लोक बाग करतात, नातवंडं खेळवतात, तर ह्यांनी गोव्यात एका गोऱ्या माणसाकडून ही जुनी होडी घेतली आणि नाव ठेवलं टिटवी. आमच्याकडं टिटवी ओरडली तर घरात कुणाचं बरं-वाईट होतं म्हणतात. मी सांगून पाहिलं. म्हणाले, "ओरडणार नाही ती, तू आहेस ना."

होडी आणली त्या दिवशी मोठ्या हौसेनं मला फिरवायला घेऊन गेले. किल्ला मागं पडला, पाणी हलायला लागलं आणि माझं जे सुरू झालं, ते परत धक्क्याला लागेपर्यंत थांबलं नाही. आतडी तेवढी यायची राहिली होती. दोन बायांनी धरून मला उतरवलं. गावातली सगळी माणसं बघत होती. मी तिथल्या तिथं सांगून टाकलं, पुन्हा ह्या टोपलीत पाय ठेवला तर नावाची शकुंतला नाही.

ह्यांनी पुन्हा कधी आग्रह केला नाही. पुढं कितीतरी वर्षं एकटेच जायचे. पावसाळ्यात होडी खाडीत वर ओढून ठेवलेली असायची, तेव्हाही करवत आणि फळ्या घेऊन तिच्यात जाऊन बसायचे. आत काय करतात देव जाणे. मी विचारलं नाही आणि ह्यांनी सांगितलं नाही. हे समुद्रावर गेले की मी किल्ल्याच्या तटावर जाऊन बसायची. शीड दिसलं की घरी येऊन भात टाकायची. आमचा संसार असा चालला होता.

मग त्या वर्षी मार्गशीर्षात एका भर दुपारी टिटवी परत आली ती एका मच्छीमार लाँचच्या मागं, दोरानं बांधून. ह्यांनी लोकांच्या जाळ्यावरून होडी घातली होती. जाळं पंख्यात गुंडाळलं, इंजिन बंद पडलं आणि टिटवी खडकांकडं वाहत चालली होती. लाँचवाले वेळेवर पोचले म्हणून वाचले. हे धक्क्यावर उतरले तेव्हा तोंड पांढरंफटक होतं. उन्हात लाल बोये तरंगत असतात जाळ्यांचे, लहान मुलालाही दिसतील, ह्यांना कसे दिसले नाहीत? "लक्ष नव्हतं," म्हणाले.

नाशिकहून मुलानं फोनवर मला दम दिला, "आई, ती होडी पाऊस लागायच्या आत गेली पाहिजे. नाहीतर बाबा जातील." मला ते पटलं होतं. मी तोंड धुऊन, मन घट्ट करून ह्यांच्याशी भांडायला बसले, तर हे पहिल्याच वाक्याला म्हणाले, "विकू." एवढ्या सहज? माझा काही विश्वास बसला नाही. आणि मग गिऱ्हाइकं यायला लागली, ह्यांनी खोडी सांगायला सुरुवात केली, तेव्हा मला वाटलं, आलं लक्षात! ताकाला जाऊन भांडं लपवतायत. तोंडानं विकतो म्हणायचं आणि एकेकाला पळवून लावायचं. एक दिवस पुन्हा एकटे जातील आणि त्या दिवशी लाँच जवळ नसेल. मी रात्री उशीला डोकं टेकलं की मला तेच दिसायचं.

म्हणून पुण्याच्या घारपुऱ्यांचा फोन आला तो मी घेतला आणि ह्यांना नीट सांगितलंच नाही. ह्यांचा कणकवलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जायचा दिवस होता. चष्म्याचा नंबर सारखा बदलत होता म्हणून चकरा चालल्या होत्या. त्याच दिवशी मी घारपुऱ्यांना बोलावलं. पुतण्याच्या गाडीत बसता बसता मी ह्यांना सांगितलं, "होडी बघायला कुणीतरी येतंय. मी दाखवीन."

"तू?" हे थांबले. "खोडी सांगशील ना?"

"सांगीन की," मी म्हटलं. मनात म्हटलं, सांगते बरं!

घारपुरे नवरा-बायको चाळिशीतले. तो गिरीश, कुठल्याशा कंपनीत. ती चारुता, ताडमाड उंच, केस बारीक कापलेले, बोलायला मोकळी. दोघांनी शिडाची होडी चालवायचं रीतसर शिक्षण घेतलं होतं, आता स्वतःची घेऊन गोव्याला ठेवायची होती. मी धक्क्यावर पाय रोवून उभी राहिले. मला सगळं पाठ होतं. हे इतक्या वेळा इतक्या जणांना सांगायचे, की खोडी वगळून बाकीचं मी घडाघडा म्हणू शकत होते.

"लांबीला एकतीस फूट," मी बोटानं दाखवलं. "फायबरची आहे, कुजायची भीती नाही. एकच डोलकाठी, दोन शिडं. पुढचं शीड उतरवायला पुढं धावावं लागत नाही, मागं बसल्या बसल्या दोरी ओढली की गुंडाळलं जातं. पोटाखाली शिशाचं वजन आहे, कितीही कलली तरी परत उभी राहते. आत शिरलं की डाव्या हाताला स्वयंपाकघर, उजव्या हाताला नकाशे पसरायचं टेबल. इंजिन पायऱ्यांच्या खाली. मधे बसायची जागा, दोन्हीकडं बाक, त्यांचेच रात्री पलंग होतात. मग एका बाजूला संडास, दुसऱ्या बाजूला कपाट. आणि अगदी पुढच्या टोकाला दोघांचा बिछाना."

"वा काकू," गिरीश म्हणाला. "चला, आत दाखवा."

"तुम्ही बघा की. मी इथून सांगते."

चारुता खो खो हसली. "घर विकणारी बाई गल्लीत उभी राहून घर दाखवते का? चला, मी हात देते."

आता आली का पंचाईत! नाही म्हणावं तर गिऱ्हाइकाला वाटायचं, मालकिणीचाच भरवसा नाही. मी मनातल्या मनात गावच्या रामेश्वराची माफी मागितली, साडीचा ओचा वर खोचला आणि तिचा हात धरून त्या टोपलीत दुसऱ्यांदा पाय ठेवला. नावाची शकुंतला उरले नाही ते उरले नाही.

पायऱ्या उतरून खाली गेलो. आत छान होतं हो, खोटं कशाला बोलू. लाकूड तेल लावून चकचकीत ठेवलेलं, भांड्यांना खाचा, कपांना खुंट्या, शेगडी पाळण्यासारखी टांगलेली, म्हणजे होडी कलली तरी पातेलं सपाट राहावं. मी हे सगळं ऐकलं होतं, बघत पहिल्यांदा होते.

"आई गं!" चारुता ओरडली. तिचं कपाळ कशावर तरी आपटलं होतं.

छताला धरायचा दांडा होता, तो असतोच. पण त्याच्या खाली हातभर अंतरावर दुसरा एक दांडा, पायऱ्यांपासून पुढच्या बिछान्यापर्यंत अखंड गेलेला. लाकूड हातानं घासून गुळगुळीत केलेलं.

"हा कशाला इतका खाली?" गिरीशनं विचारलं. "वर एक आहेच की."

"मजबुतीला," मी ठोकून दिलं.

"आणि ही फळी?" स्वयंपाकाच्या ओट्यापुढं जमिनीवर एक जाड फळी पक्की बसवलेली होती.

"पाणी सांडलं तर पाय भिजू नयेत म्हणून."

"ही खिडकी पण मूळची नाही हं," चारुता वाकून ओट्याशेजारचा काचेचा चौकोन बघत होती. "नंतर कापलीय. काम सुंदर आहे, पण मला तर बाहेर बघायला कमरेत मोडावं लागतंय."

"वारा यायला केलीय."

"पण काकू, ही उघडतच नाही."

अब्रूचं खोबरं व्हायची वेळ आली होती. तेवढ्यात एक लाँच बाहेरून जोरात गेली, तिच्या लाटा धक्क्यावर आल्या आणि टिटवी अशी काही हिंदकळली, की मी "आगं बया!" म्हणत हवेत हात टाकला.

हात दांड्यावर पडला. खालच्या. माझ्या खांद्याच्या उंचीला, नेमका मुठीत बसणारा. पाय मागं सरकला तो त्या फळीवर, आणि फळीवर उभी राहिले तशी ओट्याची कड माझ्या पोटाशी आली. तोंड वर केलं तर समोर काचेचा चौकोन, अगदी डोळ्यांसमोर, आणि त्यात खाडीचं तोंड आणि त्याच्या पलीकडं समुद्राची सरळ रेघ. होडी हलत होती, रेघ हलत नव्हती. पहिल्या दिवशी मी ओकत होते तेव्हा हे सारखं ओरडत होते, "रेघेकडं बघ शकू, रेघेकडं बघ, मळमळणार नाही." मी कसली बघतेय! मी बादलीकडं बघत होते.

त्या होडीत माझ्याएवढं बुटकं दुसरं माणूस कधी आलं नव्हतं. मुलगा ह्यांच्यावर गेलाय, सून तर त्याच्याहून उंच. मी सगळ्यांच्या खांद्याखाली.

"काकू, हे काय, आलेपाक!" चारुतानं ओट्याखालचं एक दार उघडलं होतं. बरणी बाहेर काढली. वड्या ताज्या होत्या, वरची साखरसुद्धा पाझरली नव्हती. "काकांना आवडतो वाटतं?"

"त्यांना साखरेचा आजार आहे गं," मी म्हटलं. "घाटातून येताना एसटीत मला लागतो तो."

एवढं म्हटलं आणि मी तिथल्या बाकावर मटकन बसले. मला रडू आलं. परक्या माणसांसमोर, पदर तोंडाला लावून मी लहान पोरीसारखी रडले. एक शब्द बोलला नाही हा माणूस! एकदाही म्हणाला नाही, चल. दर पावसाळ्यात करवत घेऊन जायचा, माझ्या मापाचे दांडे करायचा, माझ्या डोळ्यांसमोर येईल अशी खिडकी कापायचा, दर हंगामाला ताजा आलेपाक आणून ठेवायचा, एकटाच समुद्रावर जायचा, आणि मी तटावर बसून त्या होडीला शिव्या घालायची.

चारुता माझ्याशेजारी बसून पाठीवरून हात फिरवत राहिली. थोड्या वेळानं मी डोळे पुसले आणि म्हटलं, "माफ करा पोरांनो. होडी विकायची नाही."

गिरीशचं तोंड पडलं. साहजिक आहे, पुण्याहून आला होता बिचारा. पण माझं ठरलं होतं. हे एकटे जातात म्हणून जिवाला घोर ना? मग मी जाईन बरोबर. जाळी मी बघीन, बोये मी बघीन. ओकायचं तर ओकीन. इतकी साधी गोष्ट, आजवर कुणाच्या डोक्यात आली नाही, माझ्यासुद्धा.

आम्ही वर धक्क्यावर येतो तर हे गाडीतून उतरत होते. मी तरातरा त्यांच्याकडं गेले.

"तो दांडा कुणासाठी लावलाय?" मी विचारलं.

ह्यांचा हात गाडीच्या दारावरच राहिला. मग म्हणाले, "आत गेलीस तू?"

"कुणासाठी लावलाय?"

"तुला ठाऊक झालंय ना आता. मग विचारतेस कशाला?"

"बोलायला काय झालं होतं? जीभ झिजली असती?"

"बोललो असतो तर तू भिडेपोटी आली असतीस," हे म्हणाले. "मला म्हटलं, येईल तेव्हा येईल. आली त्या दिवशी तिच्या हाताला काहीतरी लागायला हवं."

"मग झालं तर. होडी विकायची नाही. उद्यापासून मी येणार तुमच्याबरोबर."

मला वाटलं, ह्यांना आनंद होईल. ह्यांनी मान हलवली. नाही म्हणून.

"का? आता मी येते म्हणतेय तर?"

"तुला घेऊन मी जाणार नाही, शकू."

"अहो, पण का?"

हे धक्क्यावरच्या दगडावर बसले. घारपुरे नवरा-बायको बाजूला जायला लागले, तर ह्यांनीच हातानं थांबवलं. "ऐका तुम्हीही. तुमच्या उपयोगाचं आहे." मग माझ्याकडं तोंड करून म्हणाले, "मला समोरचं दिसत नाही. चष्म्याचा नंबर वगैरे काही नाही. डोळ्याच्या आत मधोमध डाग पडलाय, दोन्हीकडं. कडेचं दिसतं, समोरचं नाही. डॉक्टर म्हणतात वाढत जाणार, परत यायचं नाही. आत्ता मी तुझ्याकडं बघतोय ना, तुझे कान दिसतात, खांदे दिसतात, पदर हिरवा आहे तो दिसतो. तोंड दिसत नाही."

मी विचारलं, "कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून."

"आणि तरी तुम्ही समुद्रावर जात होता?"

"पाठ होतं सगळं. किल्ला कुठं, खडक कुठं. पण जाळी रोज नव्या ठिकाणी असतात." ह्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "एकटा होतो तेव्हा गेलो, कारण गेला असता तर माझाच जीव गेला असता. तुला आत बसवून मला एक चूकसुद्धा परवडायची नाही. म्हणून विकतोय. खरोखरच विकतोय. पण नीट माणसांना."

मला राग आला. दुःख झालं त्याच्या आधी राग आला, अगदी पायाच्या नखापासून. "अख्ख्या मुंबईला होडीच्या खोडी सांगत सुटलात, आणि ही एवढी मोठी गोष्ट घरात ठेवलीत? माझ्यापासून? मी कोण, गिऱ्हाइकाहून परकी?"

"तू मला हंगामभर बाहेर पडू दिलं नसतंस," हे म्हणाले. "मला तेवढा एक हंगाम हवा होता."

मी ह्यांच्या शेजारी दगडावर बसले. खाडीचं पाणी भरायला लागलं होतं. गिरीश आणि चारुता चपला बघत उभे होते.

शेवटी हेच उठले. "हिनं खोडी सांगितल्या का तुम्हाला?"

"नाही," गिरीश म्हणाला.

"मला वाटलंच. चला आत."

आणि हे त्या दोघांना घेऊन खाली गेले. ऊन उतरेपर्यंत तिघे वर आले नाहीत. गळकी खिडकी, खोकणारं इंजिन, अडकणारा पंप, मागच्या वाऱ्याला लोळणं, सगळं सांगितलं. कुठला दोर कधी करकरतो आणि कुठल्या करकरण्याला घाबरायचं, हेही सांगितलं. मी वरून ऐकत होते. इतके दिवस ते मला टाळाटाळ वाटत होतं. आता ऐकलं तर बाप जावयाला सांगतो तसं होतं, तिला सकाळी लवकर उठवू नका, तिखट जास्त खात नाही.

चारुता वर आली ती हसत होती. "काका, इतक्या खोडी सांगितल्यात, की आता लपलेलं काही असेल अशी भीतीच उरली नाही. आम्ही घेतो."

"विचार करून सांगा," हे म्हणाले.

"झालाय करून," गिरीश म्हणाला. "पण एक विनंती आहे. पहिल्यांदा नेताना तुम्ही बरोबर या. थोडं अंतर तरी."

ह्यांनी टिटवीच्या दोरावर हात ठेवला. मग म्हणाले, "आमच्याकडं रीत होती तशी. विकलेलं गलबत पहिल्या बंदरापर्यंत जुन्या मालकानं पोचवून द्यायचं. इथून दक्षिणेला पहिलं बंदर देवगड. पण माझे डोळे..."

"डोळे आमचे," चारुता म्हणाली. "तुम्ही नुसतं सांगा."

"आणि लेक सासरी जाते तेव्हा बाप नाही जात बरोबर," मी म्हटलं. "पाठराखीण जाते. मी येणार."

ह्यांनी माझ्याकडं तोंड वळवलं. बघितलं म्हणवत नाही आता, पण वळवलं. "ओकशील."

"ओकीन. माझं पोट, माझी बादली."

पुढच्या आठवड्यात घारपुरे सामानसुमान घेऊन आले आणि आम्ही चौघं निघालो. नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, नारळ वाढवला, हळदकुंकू लावलं. सुकाणूवर चारुता, पुढं नजर ठेवायला गिरीश, आणि हे मधे बसून वाऱ्याकडं गाल करून सांगायचे, "आता थोडं सैल सोड. आता ओढ." मी खाली होते. किल्ल्याचं टोक ओलांडलं तिथं मी एकदा ओकले, ते कबूल करते. मग आलेपाकाची वडी तोंडात टाकली, दांडा धरला, फळीवर उभी राहिले आणि त्या खिडकीतून रेघेकडं बघत राहिले. रेघ सुटली नाही आणि पोट पुन्हा उलटलं नाही. मग मी चहा टाकला.

चहाच्या वासानं हे खाली आले. पायऱ्यांवर बसले. होडी एका अंगाला कललेली, शेगडी तिच्या पाळण्यात सरळ, आणि मी ओट्याला रेलून कप भरतेय.

"कसं आहे?" ह्यांनी विचारलं. जन्मात पहिल्यांदा हा माणूस माझ्याकडं निकाल मागत होता.

"दांडा बरोबर आहे. खिडकी बरोबर आहे. फळी बोटभर कमी पडते."

"कमी कशी पडेल? घरच्या ओट्यावरून माप घेतलं होतं मी. तू झोपलेली असताना."

"घरी मी ओट्यापुढं पाट घेते पायाखाली," मी म्हटलं. "इतकी वर्षं संसार केला, पाट नाही दिसला तुम्हाला? तेव्हा तर डोळे चांगले होते!"

हे एवढे हसले की कप हिंदकळला. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. जागा दोघांपुरती नव्हती, तरी बसले. वर चारुता कसलंसं गाणं गुणगुणत होती. देवगड येऊच नये असं मला वाटत होतं, मला, कराडच्या बाईला!

पण आलंच. रात्री ह्यांच्या मावसभावाकडं आम्ही चौघं जेवलो, झोपलो, आणि सकाळी घारपुरे पुढं मालवणाकडं निघाले. आम्ही दोघं देवगडच्या धक्क्यावर उभे राहिलो. चारुतानं वाकून नमस्कार केला, मी तिच्या पदरात, म्हणजे पदर कुठला, तिच्या ओंजळीत नारळ घातला. दोर सुटले.

"आता काय करतायत?" ह्यांनी विचारलं.

"वळवतायत."

"शीड?"

"चढवतायत. चढवलं. पूर्ण."

"कुठल्या अंगाला कललीय?"

मी हात पुढं करून डावं-उजवं ठरवलं. "उजव्या."

"मग ठीक. वारं बरोबर पकडलंय पोरीनं. आता?"

"चारुता हात करतेय."

ह्यांनी हात वर केला, थोडा भलतीकडंच. मी ह्यांचं कोपर धरून हात टिटवीकडं वळवला. हे तसाच धरून राहिले. टिटवी बंदराच्या तोंडाशी गेली, मग उघड्या पाण्यावर गेली, शीड नखाएवढं झालं, आणि मग ती टेकाडामागं वळली.

"अजून दिसते?" ह्यांनी विचारलं.

समोर नुसतं पाणी होतं.

"दिसते," मी म्हटलं. "लांब गेलीय, पण दिसते."

"गेली की सांग मला."

"सांगते," मी म्हटलं. ऊन डोक्यावर आलं, धक्क्यावरची माणसं जेवायला घरी गेली, तरी मी काही सांगितलं नाही, आणि ह्यांनी परत विचारलं नाही.